वीज जाऊन आली की सर्व्हर सुरू होताना अडकतो : लक्षणे, तपासण्या आणि कुठे थांबावे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या भागातल्या पतसंस्था, शाळा, दवाखाने आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्या (ओतकामाचे कारखाने) यांच्याकडे बहुधा एक किंवा दोनच सर्व्हर असतात, आणि त्यांच्या देखभालीसाठी वेगळा माणूस नेमलेला नसतो. त्यांच्याकडून एक तक्रार पुन्हा पुन्हा येते. वीज गेली, परत आली, सर्व्हर चालू केला, पंखे फिरले, दिवे लागले, पण पुढे काहीच होत नाही. वळिवाच्या दिवसांत ही तक्रार सुरू होते आणि पावसाळाभर वाढत जाते. हा बिघाड सतत दुरुस्त करताना तपासणीचा जो क्रम पक्का झाला, तो इथे मांडतो. भर लिनक्स या कार्यप्रणालीवर (ऑपरेटिंग सिस्टीमवर; पुढे नुसती ‘प्रणाली’) आहे. विंडोज सर्व्हरसाठी एक वेगळा भाग दिला आहे.

लक्षणे

फोनवर सगळेच ‘सर्व्हर हँग झाला’ एवढेच सांगतात, परंतु तो नेमका कुठे थांबला आहे यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

• पंखे फिरतात, पण पडद्यावर काहीच उमटत नाही. काही यंत्रांतून ठरावीक बीप ऐकू येतात.
• कंपनीचे बोधचिन्ह किंवा बायॉसच्या, म्हणजे यंत्र चालू होताच सगळ्यांत आधी चालणाऱ्या मदरबोर्डावरच्या प्रोग्रॅमच्या, ओळी दिसतात आणि यंत्र तिथेच राहते. पुष्कळदा खाली ‘एफ-१ दाबा’ अशी सूचना असते.
• डिस्कऐवजी नेटवर्कवरून सुरू होण्याचा प्रयत्न चालतो, किंवा बूट करण्याजोगे, म्हणजे प्रणाली सुरू करून देणारे, साधन सापडले नाही असा संदेश येतो.
• लिनक्सच्या ओळी भराभर सरकतात आणि एका ओळीवर थांबतात. विंडोजमध्ये ठिपक्यांचे वर्तुळ फिरतच राहते.
• आपत्कालीन अवस्थेत गेल्याचे सांगून यंत्र मुख्य प्रशासकाचा, म्हणजे रूटचा, पासवर्ड मागते.

पहिल्या दोन लक्षणांत डिस्कवरची प्रणाली अजून सुरूच झालेली नसते, त्यामुळे तिथे प्रणाली पुन्हा टाकण्याचा विचार करणे व्यर्थ आहे. शेवटच्या दोन लक्षणांत मेमरी, प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांनी निदान सुरुवातीचे काम केलेले असते. तिसरे लक्षण मधले आहे. तिथे डिस्क, तिची केबल किंवा बायॉसमधली सेटिंग यांपैकी काहीतरी हललेले असते.

बहुतेक वेळा सर्व्हर बंद पडलेला नसतो, तो कशाची तरी वाट पाहत असतो. डिस्कच्या उत्तराची, नेटवर्कच्या पत्त्याची, दुसऱ्या यंत्राची किंवा माणसाने कळ दाबण्याची. ती वाट कशाची आहे हे शोधणे हेच या दुरुस्तीतले मुख्य काम आहे, आणि म्हणून पहिली तपासणी डोळ्यांनी करायची असते.

पॉवरच्या बटणाला हात लावण्याआधी

सर्व्हरला घरच्या संगणकाइतक्या झटपट सुरू होण्याची सवय नसते. जास्त मेमरी असलेला सर्व्हर ती तपासण्यात काही मिनिटे घालवतो, आणि मेमरी नुकतीच बदलली असेल तर पहिल्या वेळी आणखी वेळ लागतो. त्या वेळात पडदा काळा असणे स्वाभाविक आहे. वीज अचानक गेल्यानंतर लिनक्स फाइल व्यवस्थेची तपासणी करतो आणि मोठ्या, जुन्या डिस्कवर ती तासाच्या पुढेही जाऊ शकते. अशा वेळी बटण दाबून धरले तर अर्धवट दुरुस्त झालेली डिस्क पुन्हा अर्धवट राहते आणि पुढच्या खेपेला काम वाढते. सकाळी दोन-तीन जणांनी आळीपाळीने बटण दाबल्यामुळे मूळचा किरकोळ बिघाड डिस्कपर्यंत पोहोचल्याची उदाहरणे या भागात भरपूर आहेत.

म्हणून आधी मॉनिटर आणि कीबोर्ड जोडावा, पडद्यावरच्या शेवटच्या ओळीचा मोबाइलवर फोटो काढावा आणि वेळ लिहून ठेवावी. मग कीबोर्डवरची कॅप्स लॉकची कळ दाबून पाहावी. तिचा दिवा लागत-विझत असेल तर प्रणालीचा गाभा जिवंत आहे. दिवा बदलत नसेल, डिस्कचा दिवाही लुकलुकत नसेल आणि पंधरा-वीस मिनिटांत पडद्यावर काहीही हलले नसेल, तरच यंत्र खरोखर गोठले आहे असे धरावे. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तोवर थांबावे.

बाहेरून जोडलेल्या वस्तू

पेनड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, डिजिटल सहीचे टोकन, प्रिंटर अशा यूएसबीने जोडलेल्या सगळ्या वस्तू काढून यंत्र पुन्हा सुरू करावे. खर्च शून्य आणि वेळ दोन मिनिटे. काही बायॉस पेनड्राइव्हवरच प्रणाली शोधत बसतात, आणि खराब झालेली बाहेरची डिस्क उत्तर देत नसल्यामुळे यंत्र तिच्यापाशी खोळंबते. याच्या उलट, कीबोर्ड नसल्यामुळे अडकणारे सर्व्हरही असतात. ‘कीबोर्ड सापडला नाही, एफ-१ दाबा’ असा संदेश देऊन ते थांबतात आणि मॉनिटर जोडलेला नसल्याने तो कोणालाच दिसत नाही. बायॉसमध्ये अशा चुकीवर न थांबण्याची सोय असते, ती सुरू करावी.

नेटवर्कवरून बूट होण्याचा पर्याय वापरात नसेल तर तोही बंद करावा. तो यादीत डिस्कच्या वर असला की यंत्र प्रत्येक नेटवर्क कार्डावर पत्ता मिळण्याची वाट पाहते आणि त्यात मिनिटे जातात.

वीज परत आल्यावर कोण आधी उठते

ही तपासणी क्वचितच कोणी करतो, आणि आमच्याकडच्या कार्यालयांत बरेचसे बिघाड इथेच संपतात. वीज परत येते तेव्हा राउटर, नेटवर्क स्विच, सामायिक साठवणुकीचे यंत्र म्हणजे नास, आणि सर्व्हर ही चारही यंत्रे एकदमच सुरू होतात. त्यांना तयार व्हायला लागणारा वेळ मात्र वेगवेगळा असतो. नासला कित्येक मिनिटे लागतात. व्यवस्थापन करता येणारा स्विच तारांमध्ये फेरा निर्माण झालेला नाही ना हे पाहण्यासाठी प्रत्येक पोर्ट जुन्या पद्धतीत सुमारे ३० सेकंद अडवून ठेवतो. एवढ्यात सर्व्हरने पत्ता मागितला आणि नासवरचा फोल्डर जोडायचा प्रयत्न केला, की दोन्हीकडून उत्तर येत नाही आणि तो वाट पाहत राहतो. थोड्या वेळाने तोच सर्व्हर बंद करून चालू केला तर सरळ सुरू होतो, कारण तोवर बाकीची यंत्रे तयार झालेली असतात. ‘दुसऱ्यांदा चालू केला की चालतो’ असे ज्या सर्व्हरबद्दल सांगितले जाते, त्याच्या बाबतीत पहिला संशय या क्रमावरच घ्यावा.

उपाय साधा आहे. बायॉसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचे याची सेटिंग असते. ती ‘बंद राहावे’ अशी ठेवावी, किंवा विलंबाची सोय असेल तर काही मिनिटांचा विलंब द्यावा. यामुळे आणखी एक फायदा होतो. पावसाळ्यात वीज एकदाच परत येते असे नाही. ती येते, अर्ध्या मिनिटात जाते, पुन्हा येते, आणि दर वेळी सर्व्हर अर्ध्यावर सुरू होऊन कोसळतो. बंद राहण्याच्या सेटिंगमुळे हे मार टळतात.

त्याबरोबर एक कागद भिंतीला चिकटवावा : आधी राउटर व स्विच, मग नास, त्याचा दिवा स्थिर झाल्यावर सर्व्हर. कागद मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत असावा, कारण सकाळी कुलूप उघडणारी व्यक्ती कोणती भाषा सहज वाचते हे प्रत्येक कार्यालयात वेगळे असते आणि घाईच्या वेळी अंदाजाने बटणे दाबली जातात.

नाण्याएवढा सेल

मदरबोर्डावर सीआर २०३२ या क्रमांकाचा ३ व्होल्टचा लिथियम सेल असतो. तो यंत्रातले घड्याळ चालू ठेवतो, आणि जुन्या यंत्रांत बायॉसच्या सेटिंगही त्याच्याच जोरावर टिकतात. सर्व्हर बंद असला तरी त्याची वायर जिवंत प्लगमध्ये असेल तर घड्याळाला वीज तिकडून मिळते आणि सेलवर भार येत नाही. म्हणून संपलेला सेल महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही. शनिवारी संध्याकाळी कार्यालयाचा मेन स्विच खाली ओढला जातो, गणपतीच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत तो कित्येक दिवस खालीच राहतो, आणि सुट्टी संपून काम सुरू होते त्या सकाळी सर्व्हर अडकतो. बिघाड सुट्टीनंतरच येतो ही तक्रार ऐकली की मी पहिल्यांदा सेल मोजतो.

तो मोजणे सोपे आहे. यंत्राची वायर काढून, सेल हलकेच बाहेर घेऊन मल्टिमीटरच्या डीसी व्होल्टच्या जागेवर तपासावा. नवा सेल ३ व्होल्टच्या किंचित वर दाखवतो, आकडा २.८ च्या खाली असेल तर सेल बदलावा. तो घड्याळाच्या कोणत्याही दुकानात मिळतो. बदलण्यापूर्वी मात्र बायॉसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवावा, कारण सेल काढल्यावर जुन्या यंत्रांच्या सेटिंग मूळपदावर जातात. त्यांतली सगळ्यांत धोक्याची सेटिंग डिस्क कोणत्या पद्धतीने चालवायची ही आहे. ती ‘रेड’वरून (अनेक डिस्क एका संचासारख्या चालवण्याची पद्धत) ‘एएचसीआय’वर (प्रत्येक डिस्क सुटी चालवण्याची पद्धत) गेली तर दोन डिस्क मिळून बनवलेला संच बायॉसला सुट्या डिस्कसारखा दिसू लागतो आणि प्रणाली सापडत नाही. अशा वेळी फक्त जुनी सेटिंग परत लावावी; डिस्क नव्याने तयार करण्याच्या कोणत्याही प्रश्नाला ‘होय’ म्हणू नये. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन, असेल तर बायॉसमधल्या बदलानंतर विंडोज रिकव्हरी की मागू शकते, तेव्हा ती आधीच हाताशी ठेवावी.

नव्या बऱ्याच यंत्रांत सेटिंग फ्लॅश मेमरीत राहतात, पण घड्याळ तरीही मागे जाते, आणि एवढ्यानेही पुरेसा घोटाळा होतो. फाइल व्यवस्थेत नोंदलेली शेवटची वेळ घड्याळाच्या मानाने भविष्यातली ठरते आणि तपासणी मध्येच थांबून माणसाकडे निर्णय मागू शकते. सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रे ‘अजून लागू झालेली नाहीत’ असे ठरून नाकारली जातात. डोमेनवरच्या, म्हणजे एकाच मुख्य सर्व्हरकडून सगळ्या यंत्रांची ओळख पटवणाऱ्या व्यवस्थेतल्या, लॉगिनमध्ये घड्याळांत साधारण ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, त्यामुळे विंडोजची यंत्रे सर्व्हरला ओळखेनाशी होतात. आणि एवढे होऊनही सर्व्हर सुरू झालाच, तर पतसंस्थेच्या पावत्यांवर कुठली तरी जुनी तारीख पडते, ते निस्तरणे सर्व्हर दुरुस्त करण्यापेक्षा जड जाते. म्हणून अडकलेला सर्व्हर सुरू झाल्यावर कामाला लावण्याआधी तारीख आणि वेळ पाहावी.

लिनक्सच्या ओळी जिथे थांबतात

सुरुवातीला ग्रबचा, म्हणजे प्रणाली निवडून सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू येतो. आधीचा प्रयत्न अपुरा राहिला असेल तर तो नेहमीपेक्षा जास्त वेळ दिसतो, एवढ्यावरून घाबरू नये. मेनूवर इंग्रजी ‘ई’ ही कळ दाबावी, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतले ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे शब्द खोडावेत आणि ‘कंट्रोल’ व ‘एक्स’ किंवा ‘एफ-१०’ दाबून पुढे जावे. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरता असतो आणि त्याने कुठलेही नुकसान होत नाही. फक्त बोधचिन्हामागे लपलेल्या ओळी दिसू लागतात. प्रणालीचे अपडेट झाल्यानंतर बिघाड सुरू झाला असेल तर त्याच मेनूतल्या प्रगत पर्यायांतून आधीचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा जुना गाभा, निवडून पाहावा. तो चालला तर यंत्राचे भाग बरे आहेत हे सिद्ध झाले आणि शोध बराच आवळला गेला.

यापुढे सर्वाधिक दिसणारे दृश्य असे : कंसात लाल चांदण्या डावीकडून उजवीकडे आणि परत अशा सरकत असतात, त्यापुढे अमुक एका साधनासाठी किंवा सेवेसाठी (मागे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी) काम चालू असल्याची ओळ असते, आणि शेवटी ‘१ मिनिट १२ सेकंद’ आणि ‘१ मिनिट ३० सेकंद’ असे दोन आकडे दिसतात. पहिला गेलेला वेळ, दुसरा मर्यादा. लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडी या प्रोग्रॅमची नेहमीची मर्यादा ९० सेकंदांची असते. नेटवर्क तयार होण्याची वाट पाहणारी सेवा १२० सेकंद थांबू शकते. मर्यादेच्या जागी ‘नो लिमिट’ असे आले तर ती सेवा अनंतकाळ थांबू शकते आणि नुसते बसून राहण्यात अर्थ नाही. ही एक ओळ पूर्ण वाचली तर निम्मे निदान होते, कारण यंत्र कोणाची वाट पाहत आहे त्याचे नाव तिच्यात लिहिलेले असते.

नाव एखाद्या डिस्कच्या लांबलचक ओळखक्रमांकाचे असेल तर एफएसटॅब ही फाइल पाहावी. सुरू होताना कोणत्या डिस्क आणि कोणते फोल्डर जोडायचे याची यादी तिच्यात असते. बॅकअपची बाहेरची डिस्क या यादीत घातलेली असते, ती डिस्क कर्मचारी सुरक्षिततेसाठी घरी नेतात, आणि सोमवारी सर्व्हर त्या डिस्कसाठी ९० सेकंद थांबून आपत्कालीन अवस्थेत जातो. यादीतल्या अशा प्रत्येक ओळीच्या पर्यायांत ‘नोफेल’ हा शब्द सलग लिहावा, म्हणजे ती डिस्क नसली तरी यंत्र पुढे जाते. नासवरच्या फोल्डरसाठी ‘नोफेल’बरोबर सुरुवातीला अधोरेषा देऊन ‘नेटडेव्ह’ हाही पर्याय लिहावा, त्यामुळे नेटवर्क तयार झाल्यावरच जोडणी होते. मुख्य प्रणालीच्या डिस्कला मात्र ‘नोफेल’ लावू नये. डिस्क नवी घालून तिचे विभाग पुन्हा पाडले असतील तर स्वॅपचा (मेमरी अपुरी पडल्यावर वापरायच्या डिस्कवरच्या जागेचा) ओळखक्रमांक बदललेला असतो आणि यादीत जुनाच राहिलेला असतो, तेही जुळवून पाहावे.

यंत्र आपत्कालीन अवस्थेत असेल तर रूटचा पासवर्ड देऊन आत जाता येते. मुख्य विभाग केवळ वाचण्याजोगा जोडलेला असल्यास तो ‘रीमाउंट’ पर्यायाने लिहिण्याजोगा करावा, एफएसटॅबमधल्या दोषी ओळीच्या सुरुवातीला हॅशचे चिन्ह घालावे आणि यंत्र पुन्हा सुरू करावे. उबंटू या लिनक्सच्या प्रकारात रूटचे खाते मुळात बंद असते, त्यामुळे तिथे खाते कुलूपबंद असल्याचा संदेश येतो आणि एंटर दाबले तरी पुन्हा तोच संदेश समोर येतो. तेव्हा उबंटूच्याच पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून हीच फाइल दुरुस्त करावी. असा एक पेनड्राइव्ह आधीच करून सर्व्हरच्या खोलीत, कपाटात ठेवावा. तो ऐन वेळी बनवायला दुसरे यंत्र आणि चांगले इंटरनेट लागते.

सर्व्हर एकदाचा सुरू झाला की मागचा प्रयत्न कुठे अडला हे पाहावे. ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेला ‘बी’ आणि ‘उणे १’ असे पर्याय दिले की त्या आधीच्या वेळच्या नोंदी मिळतात. त्यासाठी नोंदी डिस्कवर साठवण्याची सोय सुरू असावी लागते. ‘सिस्टमडी-ॲनालाइझ ब्लेम’ ही आज्ञा कोणत्या सेवेने किती वेळ घेतला ते उतरत्या क्रमाने दाखवते. यादीत वर असलेली सेवा दोषी असेलच असे नाही, कारण ती स्वतः दुसऱ्या कोणासाठी थांबलेली असू शकते; ‘क्रिटिकल-चेन’ हा पर्याय ती साखळी उलगडून दाखवतो.

भरलेली डिस्क

डिस्क पूर्ण भरली की डेटाबेस आणि लॉगिनच्या सेवा सुरू होत नाहीत. ‘डीएफ’ ही आज्ञा ‘एच’ पर्यायाने जागा दाखवते आणि ‘आय’ पर्यायाने फाइलींची उरलेली संख्या. दुसरी संपली तर जागा शिल्लक असूनही नवी फाइल बनत नाही. बूटचा वेगळा विभाग असेल तर तो जुन्या कर्नलांनी भरतो आणि नव्या कर्नलची सुरुवातीची फाइल अर्धवट लिहिली जाते. मग मुख्य विभाग जोडता न आल्याचे सांगून कर्नल थांबतो. जुना कर्नल निवडून आत जावे आणि नको असलेले कर्नल प्रणालीच्याच पॅकेज व्यवस्थेतून काढावेत, हाताने फाइली पुसू नयेत.

विंडोज सर्व्हर असेल तर

अपडेटच्या टप्प्यावर साध्या हार्ड डिस्कवर तासाहून अधिक वेळ जाऊ शकतो. डिस्कचा दिवा पाहून धीर धरावा. सेटिंग लागू होत असल्याच्या संदेशावर यंत्र दीर्घकाळ थांबत असेल तर नेटवर्कची केबल काढून सुरू करावे. केबल काढल्यावर ते झटकन पुढे गेले तर दोष नेटवर्कात, बहुधा डीएनएसच्या (नावावरून यंत्राचा पत्ता सांगणाऱ्या सेवेच्या) पत्त्यात आहे; डोमेनमधल्या यंत्राला राउटरचा डीएनएस दिला की हमखास असे होते. सेफ मोडमध्ये सुरू होत असेल तर एखादी सेवा किंवा ड्रायव्हर दोषी आहे. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या साधनात ४१ आणि ६००८ हे क्रमांक अचानक बंद पडल्याचे सांगतात आणि ७ व १५३ हे डिस्कच्या तक्रारी सांगतात. १५३ च्या नोंदी दिसल्या तर खाली ‘डिस्क’ या मथळ्याखाली लिहिलेले आधी वाचावे.

पेटी उघडल्यावर

वायर काढावी, त्यानंतर पॉवरचे बटण तीसेक सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जातो. काही यंत्रे एवढ्यानेच सुरू होतात. हात कामाला लावण्याआधी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करावा.

फाउंड्रीच्या आवारातल्या सर्व्हरमध्ये लोखंडाची बारीक भुकटी जाते आणि ती वीजवाहक असते, हा साध्या धुळीपेक्षा वेगळा धोका आहे. कारखान्यातल्या कॉम्प्रेसरची हवा आत मारू नये, कारण तिच्यात पाणी आणि तेलाचे कण असतात. मऊ ब्रश आणि कोरडी हवा वापरावी, आणि हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की मेमरीच्या पट्टीच्या सोनेरी टोकांवर पातळ थर बसतो. पट्टी काढून टोके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावीत, खाचेत काही अडकले नाही ना ते पाहावे आणि दोन्ही बाजूंनी कडक आवाज येईपर्यंत दाबून बसवावी. तरीही पडदा काळाच असेल तर एकच पट्टी ठेवून सुरू करावे, मग दुसरी, अशी प्रत्येक तपासावी. कोणती पट्टी कोणत्या खाचेतली हे आधी लिहून ठेवावे. संशय राहिला तर मेमटेस्ट ही मेमरीची चाचणी रात्रभर चालवावी.

डिस्कची साटा केबल ही आणखी एक स्वस्त वस्तू आहे. लिनक्सच्या ओळींत डिस्कची जोडणी सावकाश उत्तर देत असल्याचा संदेश पुन्हा पुन्हा दिसत असेल तर डिस्क मोडीत काढण्याआधी केबल बदलून पाहावी.

वीजपुरवठ्याच्या डब्याचा, म्हणजे एसएमपीएसचा, पंखा फिरणे हा तो चांगला असल्याचा पुरावा नाही. सुरू होताना सगळ्या डिस्क एकदम फिरू लागतात आणि वीज सर्वाधिक त्याच क्षणी लागते. थकलेला डबा नेमका तिथे कमी पडतो. दुसरा चालू डबा लावून पाहणे हीच खरी परीक्षा. डबा स्वतः उघडू नये, त्यातल्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही जीवघेणा भार राहू शकतो. त्याच्या जाळीतून पाल आत गेल्याच्या खुणा दिसल्या तरी डबा बदलावा, साफ करू नये.

यूपीएसची बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षे टिकते, आणि सतत १० अंश जास्त तापमानात ठेवली तर तिचे आयुष्य जवळपास निम्म्यावर येते. पत्र्याच्या छपराखाली ठेवलेला यूपीएस वीज गेल्यावर शिटी वाजवतो आणि लगेच मान टाकतो, म्हणजे असून नसल्यासारखा. त्याची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून बॅटरी संपण्याआधी सर्व्हर व्यवस्थित बंद होईल अशी सोय करावी; लिनक्सवर ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ हे मोफत साधन त्यासाठी आहे.

डिस्क

इथून पुढे प्रत्येक पाऊल माहितीच्या जिवावर बेतू शकते, म्हणून सर्व्हर कसाही सुरू होत असेल तर आधी बॅकअप घ्यावा.

डिस्कवरचा एखादा भाग वाचला जात नसेल तर साधी डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करत बसते आणि त्या काळात पूर्ण यंत्र थांबल्यासारखे दिसते. सर्व्हरसाठी बनवलेली डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानून तसे कळवते, आणि म्हणूनच रेडच्या संचात घरगुती डिस्क घालू नये असे सांगितले जाते. ‘स्मार्टसीटीएल’ या आज्ञेने डिस्कची प्रकृती पाहावी. ५, १९७ आणि १९८ हे तीन क्रमांक महत्त्वाचे : बदललेले भाग, प्रलंबित भाग आणि दुरुस्त न होणारे भाग. १९७ चा आकडा शून्यापेक्षा जास्त असेल आणि वाढत असेल तर डिस्क बदलण्याची तयारी करावी, मग ‘उत्तीर्ण’ असा एकूण शेरा असला तरी. तो शेरा फार उशिरा बदलतो.

इथे थांबावे

डिस्कमधून टिकटिक किंवा घासल्याचा आवाज येत असेल तर यंत्र ताबडतोब बंद करावे आणि पुन्हा सुरू करू नये. प्रत्येक सुरुवातीबरोबर आतल्या तबकडीवरचा ओरखडा वाढतो. माहिती हवी असेल तर डिस्क तशीच, न उघडता, माहिती परत मिळवणाऱ्या तज्ज्ञाकडे द्यावी.

रेड कंट्रोलरने परकी रचना सापडल्याचे सांगितले, कॅशेमध्ये, म्हणजे त्याच्या तात्पुरत्या साठ्यात, डिस्कवर न लिहिलेली माहिती असल्याचे सांगितले किंवा एकापेक्षा जास्त डिस्क निकामी दाखवल्या, तर कुठलाही पर्याय निवडू नये. ‘क्लिअर’ आणि ‘इनिशियलाइझ’ हे शब्द साधे दिसतात, पण पहिल्याने संचाची रचना किंवा कॅशेतली माहिती जाऊ शकते आणि दुसऱ्याने डिस्कवरचे सगळे. डिस्क काढायच्याच असतील तर प्रत्येकीवर खणाचा क्रमांक लिहूनच काढाव्यात. एक्सएफएस फाइल व्यवस्थेची दुरुस्ती ‘एल’ हा मोठ्या लिपीतला पर्याय वापरायला सांगत असेल तरीही थांबावे, कारण त्याने शेवटच्या नोंदी फेकल्या जातात. डेटाबेस स्वतः सावरत असल्याचे सांगत असेल तर त्याला सावरू द्यावे. त्याच्या फाइली हाताने पुसून सुरू करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये.

जळल्याचा वास, फुगलेले कपॅसिटर किंवा पेटीला हात लावताच झिणझिण्या येणे हे तंत्रज्ञाच्याही आधी वायरमनचे काम आहे. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामध्ये २-३ व्होल्टपेक्षा जास्त दाब दिसला तर अर्थिंग तपासून घ्यावे. शहराच्या पश्चिमेकडच्या जांभ्या जमिनीत पाणी टिकत नाही, त्यामुळे उन्हाळ्याच्या अखेरीस अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि वळिवाच्या विजा नेमक्या त्याच वेळी सुरू होतात.

तंत्रज्ञ बेळगावहून, कोल्हापूरहून किंवा हुबळीहून येणार असेल तर फोनवरच त्याला पडद्यावरच्या शेवटच्या ओळीचा फोटो, बिघाड कधी सुरू झाला, त्याआधी वीज गेली होती का आणि वरच्यांपैकी कोणत्या तपासण्या झाल्या हे सांगावे, म्हणजे तो योग्य तो सुटा भाग बरोबर घेऊन येईल. शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आहे आणि तो दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिला आहे का, हेही त्याच फोनवर सांगावे. डिस्कला हात लावण्यापूर्वी तिची पूर्ण प्रत काढायची की नाही हे त्याला त्यावरूनच ठरवायचे असते.